सात लाखांचं कर्ज कोण देतं?

पत्र:

नमस्कार. आम्ही इचलकरंजीत राहतो. मिस्टर यंत्रमागावर आहेत, महिन्याला १८ हजारांच्या आसपास पडतात, पण आठवड्याच्या आठवड्याला आणि रोखीत. मी घरी शिवणकाम करते, माझे आठ-नऊ हजार होतात. ज्या दोन खोल्यांत आम्ही नऊ वर्षं साडेतीन हजार भाड्यानं राहतोय, तीच जागा मालक विकतायत. साडेनऊ लाख सांगतात. आमच्याकडे सव्वातीन लाख साठलेत. वरचा खर्च धरून सात लाख कमी पडतात. बँकेत गेलो तर "एवढ्या लहान रकमेचं होम लोन आम्ही करत नाही" म्हणाले, तेही टेबलाजवळ उभं ठेवून. एजंट म्हणतो, दहा लाखांच्या आत कुणी हात लावत नाही, दहाचंच घ्या. एक फायनान्स कंपनी १४ टक्क्यांनी द्यायला तयार आहे, पण ४२ हजारांचा विमा घ्यावाच लागेल म्हणते. जवळची एक पतसंस्था ९ टक्के म्हणते, ते स्वस्त वाटतं. मालक म्हणतात, खरेदीखत सहा लाखांचं करू, वरचे रोख द्या. दसऱ्यापर्यंत सांगा, नाहीतर दुसरं गिऱ्हाईक आहे. काय करावं?
— एक वाचक, इचलकरंजी

ताई,

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा आकड्यांसाठी, दुसऱ्यांदा त्या "उभं ठेवून" या शब्दांसाठी. मी तीस वर्षं कर्ज खात्याच्या टेबलापलीकडे बसलो आणि असंच एका बाईंना मीही उभं ठेवलं आहे. मार्च महिना होता. त्यांना पत्रे काढून स्लॅब टाकायचा होता, मागणी नव्वद हजारांची. पिशवीतून त्यांनी वीजबिलं काढली, सहा-सात वर्षांची, तारखेवार लावून सुईदोऱ्यानं कडेला टाचलेली. एकही बिल थकलेलं नव्हतं. मी ती नुसती चाळली आणि "एप्रिलनंतर या" म्हणालो. त्या परत आल्या नाहीत. त्यांनी सावकाराकडून पैसे घेतले आणि पुढे ते घर सावकाराच्या नावावर गेलं, हे मला फार उशिरा कळलं. ती दोऱ्यात टाचलेली बिलं अजून डोळ्यांपुढे येतात. म्हणून तुम्हाला सांगताना मी काही हातचं राखणार नाही.

आधी एक गोष्ट मनातून काढून टाका. सात लाख ही लाजायची रक्कम नाही, आणि एवढं लहान गृहकर्ज देऊ नये असा रिझर्व्ह बँकेचा कुठलाही नियम नाही. उलट लहान घरांची कर्जं बँकांच्या प्राधान्य क्षेत्रात, म्हणजे ज्यांना ठरावीक प्रमाणात कर्ज द्यावंच लागतं अशा गटात, मोजली जातात. मग टाळाटाळ का होते? कर्ज लहान असलं तरी फाइल लहान नसते. वकिलानं तीस वर्षांचा सर्च काढायचा, म्हणजे जागेचे जुने नोंदलेले व्यवहार तपासायचे, मूल्यांकन करणाऱ्यानं जागेवर जाऊन यायचं, सिबिल म्हणजे आधीच्या कर्जफेडीची नोंद बघायची, मंजुरी घ्यायची, गहाणाची नोंद करायची. सत्तर लाखांना जेवढं काम, तेवढंच सात लाखांना, आणि व्याज मात्र दहावा हिस्सा. एजंटाचंही तेच. समजा त्याला अर्धा टक्का मिळतो. सात लाखांवर साडेतीन हजार होतात. तुमच्या फाइलीसाठी तो चार खेपा कशाला घालील?

आणि "दहाचं घ्या" म्हणतो म्हणून सांगतो, ३० लाखांपर्यंतच्या कर्जात घराच्या किमतीच्या जास्तीत जास्त ९० टक्के देता येतात. साडेनऊ लाखांच्या घरावर दहा लाख काढून देतो म्हणणारा माणूस कुठेतरी कागदात फिरवाफिरवी करणार, आणि सही तुमची असणार. त्याला फाइल लावण्यासाठी आगाऊ एक रुपयाही देऊ नका.

आता मुद्द्याचं. तुम्ही उत्पन्न लिहिलंत, शिल्लक लिहिलीत, व्याजदर लिहिलेत, पण घराचा कागद कोणता आहे ते कुठेच लिहिलं नाहीत. लहान कर्ज बहुतेक वेळा रकमेवर अडत नाही, पगारावरही अडत नाही, ते कागदावर अडतं. कोण देतं हे कागद बघितल्याशिवाय कुणालाच सांगता येणार नाही, मलाही नाही.

मालकांकडे सिटी सर्व्हेची मिळकत पत्रिका असेल, तिच्यावर त्यांचंच नाव असेल, त्यांनी घेतलेलं खरेदीखत नोंदणी केलेलं असेल, सूची क्रमांक २ (नोंदणी कार्यालयातला त्या खरेदीचा उतारा) निघत असेल आणि बांधकामाचा परवाना सापडत असेल, तर तुम्ही कुठल्याही बँकेत ताठ मानेनं जा. जागा वडिलांच्या नावावर असेल तर भाऊबहिणी किती, बहिणींची हक्कसोडपत्रं झाली आहेत का, हे विचारा. या एका ठिकाणी मी सर्वांत जास्त फाइली अडलेल्या पाहिल्यात. भाऊ सही करतात, बहीण राहून जाते, आणि तीन वर्षांनी तिची नोटीस येते.

जागा गुंठेवारीची असेल, म्हणजे शेतजमिनीचे तुकडे पाडून विकलेल्यातली, तर महापालिकेनं ती नियमित केल्याचा दाखला हवा. तो नसेल आणि सातबारावर अजून शेतीच दिसत असेल तर बहुतेक बँका बाजूला होतात. हप्ते थकले तर घर ताब्यात घेण्याचा जो २००२ चा सरफेसी कायदा आहे, तो शेतजमिनीच्या तारणाला लागू होत नाही. बँक नाही म्हणते त्यामागे हे कारण असतं, तुमच्यावर अविश्वास नसतो.

आणि तिसरा प्रकार, शंभर-पाचशेच्या स्टॅम्पवर नोटरी केलेला कागद, ताबा पावती, कुलमुखत्यारपत्र आणि सोबत घरफाळ्याची पावती. आपल्याकडे घरफाळा नावावर लागला की लोक घर नावावर झालं समजतात. ताई, घरफाळ्याची पावती म्हणजे कर भरल्याचा पुरावा, मालकीचा नव्हे. कुलमुखत्यारपत्रावर मालकी जात नाही हे सर्वोच्च न्यायालयानं २०११ मध्येच स्पष्ट केलं आहे. कागद या प्रकारातला निघाला तर कर्ज कुठून मिळेल हा प्रश्नच सोडून द्या. ते घर घेऊच नका. नऊ वर्षं राहिलात, जीव गुंतला असेल, तरीही नका. तुमचे सव्वातीन लाख शिलाई मशीनवर बसून जमलेले आहेत.

हे तपासायला बँकेपर्यंत जायची गरज नाही. मालकांकडून कागदांच्या झेरॉक्स घ्या आणि बँकांच्या पॅनेलवर काम करणारा एखादा वकील गाठून सर्च करून घ्या. काही हजार जातील. या सगळ्या व्यवहारात तेवढे पैसे डोळे झाकून खर्च करा. पॅनेलवरचा वकील एवढ्यासाठी की बँकेला काय चालतं हे त्याला रोजच्या कामातून ठाऊक असतं.

सहा लाखांचं खरेदीखत आणि वरचे रोख, याला स्पष्ट नाही म्हणा. बँक खरेदीखतावरची किंमत धरते. सहा लाखांचे ९० टक्के म्हणजे पाच लाख चाळीस हजार. मग वरचे चार लाख दहा हजार आणि स्टॅम्पचा खर्च तुम्ही कुठून आणणार? तुमच्याकडे आहेत सव्वातीन. म्हणजे मालकांच्या या एका अटीनं तुमचं कर्ज आपोआप तोकडं पडतं. मालकांना शांतपणे सांगा की स्टॅम्प ड्युटी रेडी रेकनर (सरकारनं ठरवलेला जागेचा दर) आणि खरेदीखत यांत जी किंमत जास्त असेल तिच्यावर लागते, त्यामुळे वाटते तेवढी बचतही होत नाही. शिवाय घराच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याहून जास्त रक्कम रोख घेतली तर आयकर कायद्यानं घेणाऱ्याला तेवढ्याच रकमेचा दंड होऊ शकतो. घेणारे ते आहेत, तुम्ही नाही. हे ऐकल्यावर बरेच मालक जरा विचार करतात.

पूर्ण किमतीचं खरेदीखत केलंत तर तुमच्या बाजूनं एक नियम उभा राहतो आणि तो शाखेतल्या अनेकांना आठवत नाही. एरवी ९० टक्क्यांचा हिशेब करताना स्टॅम्प ड्युटी आणि नोंदणी फी धरत नाहीत. पण घर दहा लाखांपर्यंतचं असेल तर हा खर्चही किमतीत मिळवायची मुभा रिझर्व्ह बँकेनं बँकांना दिली आहे. तुमचं घर साडेनऊचं आहे, म्हणजे बसतं. महापालिका हद्दीत स्टॅम्प ड्युटी साधारण सहा टक्के आणि नोंदणी एक टक्का धरा. खरेदी फक्त तुमच्या एकटीच्या नावावर केलीत तर महाराष्ट्रात बाईमाणसाला स्टॅम्प ड्युटीत एक टक्का सूट आहे, साडेनऊ हजार वाचतात. मिस्टरांना कर्जात सहअर्जदार ठेवता येतं. दोघांनी बसून ठरवा. माझं मत विचाराल तर घर तुमच्या नावावर असावं, आणि ते साडेनऊ हजारांसाठी नव्हे.

आता दारं. पहिलं दार सरकारी बँकेचं, आणि त्यातही जिथे तुमचं बचत खातं किंवा बचत गटाचं खातं आहे तिथलं. स्टेट बँक, बँक ऑफ महाराष्ट्र, बँक ऑफ इंडिया, कुठलीही. व्यापारी बँकांना ऑक्टोबर २०१९ पासून बदलत्या दराची गृहकर्जं रेपो दरासारख्या (रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दरानं पैसे देते तो) बाहेरच्या मापाला जोडावी लागतात. त्यामुळे दर खाली आले की तुमचाही उतरतो. सध्या हे दर साडेसात-आठ टक्क्यांच्या आसपास आहेत, सिबिल नसेल तर थोडा वर. या वेळी तोंडी विचारू नका. छापील अर्ज भरा, कागद जोडा, पोच घ्या. अर्ज नाकारला तर मुख्य कारण लेखी द्यावं लागतं, हा रिझर्व्ह बँकेचा नियम सगळ्या कर्जांना आहे, रक्कम कितीही असो. "लहान रकमेचं करत नाही" हे तोंडी सांगणं सोपं असतं, लेटरहेडवर लिहून देणं अवघड असतं. बँकेकडे लेखी तक्रार करून तीस दिवसांत दाद लागली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क तक्रार करता येते, चौकशीचा फोन १४४४८. त्याआधी कोल्हापुरात अग्रणी जिल्हा व्यवस्थापकांना भेटून बघा. जिल्ह्यातल्या बँकांच्या कामाचा मेळ घालणारी अग्रणी बँक इथे बँक ऑफ इंडिया आहे. अनेकदा तिथल्या एका फोननं काम हलतं.

दुसरं दार नागरी सहकारी बँकेचं. दर सरकारी बँकेपेक्षा टक्का-दोन टक्के जास्त असेल, सभासद व्हावं लागेल, कर्जाच्या प्रमाणात शेअर्स घ्यावे लागतील, ते पैसे आधीच बाजूला धरा. पण यंत्रमागाचा पगार आठवड्याला आणि रोखीत होतो हे तिथल्या अधिकाऱ्याला समजावून सांगावं लागत नाही. त्याचा मामा किंवा चुलता मागावरच असतो.

तिसरं दार लहान कर्जांसाठीच निघालेल्या गृहवित्त कंपन्या आणि स्मॉल फायनान्स बँकांचं. गृहवित्तात आधार हाउसिंग, होम फर्स्ट, महिंद्रा रूरल हाउसिंग अशी नावं तुम्ही ऐकली असतील. पगारपत्रक नसलेल्या माणसाचं उत्पन्न मोजणं हेच त्यांचं काम. त्यांचा माणूस घरी येतो, मशीन किती आहेत बघतो, तुमची मापाची वही मागतो. ती वही सांभाळून ठेवा, ताई. गिऱ्हाइकाचं नाव, तारीख, ब्लाउज की ड्रेस, किती घेतले, एवढं रोज लिहा. तुमच्या धंद्याचा तोच ताळेबंद आहे. या कंपन्यांचा दर मात्र १२ ते १५ टक्क्यांत जातो. सात लाख, पंधरा वर्षं, ८ टक्क्यांनी हप्ता ६,६९० रुपये. १४ टक्क्यांनी ९,३२२. पंधरा वर्षांत फरक पावणेपाच लाखांचा, म्हणजे तुमच्या आजच्या शिलकीच्या जवळजवळ दीडपट. म्हणून हे दार शेवटी, पण ते बंद समजू नका. पहिली दोन खरोखर लागली नाहीत तर इथून घ्या, दर बदलता म्हणजे फ्लोटिंग आहे याची खात्री करा, दीड-दोन वर्षं एकही हप्ता न चुकवता भरा आणि मग कर्ज सरकारी किंवा सहकारी बँकेकडे हलवा. घरासाठी व्यक्तीनं घेतलेल्या फ्लोटिंग कर्जावर मुदतीआधी फेडीचा दंड घेता येत नाही.

पतसंस्थेचे ९ टक्के तुम्हाला स्वस्त वाटले. एकच प्रश्न विचारा: व्याज फ्लॅट, म्हणजे शेवटपर्यंत पूर्ण रकमेवर, की घटत्या शिलकीवर, म्हणजे बाकी राहिलेल्या मुद्दलावरच? फ्लॅट म्हणाले तर हिशेब असा. सात लाखांवर वर्षाला ६३ हजार, दहा वर्षांचे सहा लाख तीस हजार, मुद्दल मिळवून तेरा लाख तीस हजार, महिना ११,०८३. फेडलेल्या मुद्दलावरही तुम्ही व्याज भरत राहता. घटत्या शिलकीच्या भाषेत हा दर साडेचौदा टक्के होतो, म्हणजे त्या फायनान्स कंपनीपेक्षाही महाग. आणि पतसंस्था रिझर्व्ह बँकेच्या देखरेखीखाली येत नाहीत, तिथे तो लोकपालही नाही.

विम्याचं ऐका. कर्जासोबत तोच विमा घ्या अशी सक्ती कुणी करू शकत नाही. ४२ हजार तुमच्या खिशातून जात नाहीत, कर्जात मिळवले जातात, म्हणून ते जाणवत नाहीत. १४ टक्क्यांनी पंधरा वर्षं भरलेत तर त्या ४२ हजारांचे एक लाख होतात. पण मिस्टरांवर घर चालतं, तेव्हा विमा नकोच असं मी म्हणणार नाही. साधा टर्म विमा (फक्त मृत्यूनंतर पैसे देणारा) वेगळा विचारून बघा. तो होईपर्यंत, वय पन्नाशीच्या आत असेल तर बँकेतून प्रधानमंत्री जीवन ज्योती घ्या. वर्षाला ४३६ रुपये, दोन लाखांचं संरक्षण. दोघांचाही घ्या.

कर्ज कुठलंही असो, सहीआधी मुख्य तथ्य विवरण मागा. ऑक्टोबर २०२४ पासून ते देणं सक्तीचं आहे आणि तुम्हाला समजेल अशा भाषेत द्यावं लागतं. मराठीत मागा. त्यात वार्षिक टक्केवारी दर असतो, फी आणि बाकीचे खर्च धरून आलेला खरा दर. दोन ठिकाणांची तुलना त्या एका आकड्यावर करा.

अनुदानाचं तुम्ही विचारलं नाहीत, पण ते तुमच्यासारख्यांसाठीच आहे. प्रधानमंत्री आवास योजना शहरी २.० मध्ये वर्षाला नऊ लाखांपर्यंत उत्पन्न, ३५ लाखांपर्यंतचं घर आणि २५ लाखांपर्यंतचं कर्ज असेल, तर पहिल्या आठ लाखांवर बारा वर्षांपर्यंत ४ टक्के व्याज अनुदान मिळतं. जास्तीत जास्त एक लाख ऐंशी हजार, पाच वार्षिक हप्त्यांत, सात लाखांवर त्या मानानं कमी. अट ही की तुमच्या कुटुंबात कुणाच्याही नावावर भारतात कुठेही पक्कं घर नको. गावाकडच्या घराच्या उताऱ्यावर मिस्टरांचं नाव असेल तर ते लपवू नका, आधीच सांगा. आणखी एक गोष्ट फार कुणी सांगत नाही. अनुदानाचा हप्ता येतो तेव्हा कर्ज चालू हवं आणि निम्म्याहून जास्त मुद्दल बाकी हवं. म्हणून पहिली पाच वर्षं भिशी लागली म्हणून घाईनं मोठी रक्कम भरायला जाऊ नका. कर्ज दुसरीकडे हलवायचं झालं तरी अनुदानाचं काय होईल ते आधी लेखी विचारा.

मिस्टरांचा पगार या आठवड्यापासून खात्यात भरा. पूर्ण भरा, मग लागतील तसे काढा. सहा महिन्यांचं असं पासबुक दहा शिफारशींपेक्षा जास्त बोलतं. तुमच्या गिऱ्हाइकांना क्यूआर कोडवर पैसे टाकायला सांगा. सिबिलचा अहवाल वर्षातून एकदा फुकट मिळतो, दोघांचाही काढा. गटातून किंवा मायक्रोफायनान्सचं काही घेतलं असेल तर ते त्यात दिसतंच. आजवर कर्जच घेतलं नसेल तर घाबरू नका, केवळ तेवढ्या कारणासाठी नवख्याचा अर्ज फेटाळू नये असं बँकांना सांगितलेलं आहे.

राहिला दसरा. मालकांना इसार देऊन मुदत वाढवून घ्या. पंचवीस हजार पुरेत, चेकनं. नऊ वर्षं वेळेवर भाडं भरणाऱ्या भाडेकरूला तीन-चार महिने नाही म्हणणं मालकांनाही जड जाईल. इसार पावतीत एक ओळ घालायलाच हवी: "मिळकतीच्या कागदपत्रांतील त्रुटीमुळे कर्ज नामंजूर झाल्यास इसाराची पूर्ण रक्कम पंधरा दिवसांत परत केली जाईल." ही ओळ लिहायला मालक तयार झाले नाहीत, तर कागदाबद्दल त्यांना काहीतरी माहीत आहे असं समजा. आणि या गडबडीत कुणी सावकार "तात्पुरतं खरेदीखत माझ्या नावावर करा, पैसे फिटले की फिरवून देतो" म्हणाला, तर त्याच्या दारातूनच मागे फिरा. त्या बाईंचं घर असंच गेलं.

मालकांकडून झेरॉक्स मिळाल्या की वर काय छापलंय ते बघा, मिळकत पत्रिका आहे की सातबारा, आणि नाव कुणाचं आहे. एवढं मला या आठवड्यात कळवा. कुठलं दार आधी वाजवायचं ते मी त्यावरून सांगतो.